खटका आईच्या हातात

१७ मे, रात्र

अंगठा ठणकतोय. तरी आजचं आजच लिहून ठेवतो.

परवा स्लॅब टाकला. मागची कवेलूची खोली पाडून तिथं बारा बाय चौदाची पक्की खोली. काल दुपारी डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि अर्धं गाव अंधारात गेलं. नवी यायला तीन-चार दिवस तरी लागतील म्हणे. इकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि मिस्त्री बजावून गेलेला, "दहा दिवस तराई पाह्यजे. आळी कोरडी पडली न् भेगा गेल्या, तर मले बोलावू नका." तराई म्हणजे स्लॅबवर छोटे बांध घालून केलेल्या आळ्यांत दोन इंच पाणी उभं ठेवायचं, एका भरणीला जवळपास ८०० लिटर. विहिरीतून ओढून, शिडीवरून, पंधरा लिटरच्या पन्नासहून जास्त बादल्या. काल वीस नेल्या आणि कंबर धरून बसलो.

सकाळी आई म्हणाली, "इंजन हाये ना."

विहिरीवरच्या टिनाच्या खोपटात ते बाबांच्या मागं नऊ वर्षं तसंच बसलेलं. राजकोटचं, दोन चाकांचं, पट्टीवर ६ एचपी, ६५० आरपीएम. मूळचा नमुना १९३० च्या सुमारास इंग्लंडात लिस्टरनं काढला, आणि पुढं राजकोटच्या कारखान्यांनी तोच घडवून गावोगाव पोचवला. मोटार आल्यापासून त्याच्यावर बारदाना, बारदान्यावर कोंबड्या.

आधी चाकाला हात लावला तर हलेना. पिस्टन धरलेला. नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं तोंड, काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि जेवून आलो. मग चाक नुसतं मागे-पुढे झुलवत राहिलो, बोटभर, मग वीतभर. या कामात जोर लावायचा नसतो. अर्ध्या तासानं एकदम सैल सुटलं आणि पूर्ण फेरा झाला. टाकीतलं जुनं डिझेल गुळाच्या काकवीसारखं झालेलं, ते काढून टाकी धुतली, नवं भरलं. डिझेलच्या पंपापाशी नट ढिला करून हवा काढली. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. इंजिन थंड ठेवणारा ड्रम पाण्यानं भरला. विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह (गावात सगळे त्याला फुटबॉल म्हणतात, आणि दुकानदारही तसंच मागितलं तरच देतो) मात्र धड होता. इथवर मी स्वतःवर खूश.

मग हँडल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा सोळा-सतरा पटीनं दाबली गेली की ती इतकी तापते की डिझेल पडताक्षणी पेटतं. तो दाब हातानं पार करणं माणसाच्या बसची गोष्ट नाही. म्हणून वर एक खटका असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि चाकं हलकी फिरतात. चाकांत वेग भरला की खटका सोडायचा, आणि पुढचा दाब चाकांच्या वजनानंच पार होतो.

हे सगळं मला पाठ. तरी पहिल्यांदा उजव्या हातानं हँडल, डाव्या हातानं खटका, असं एकट्यानंच केलं आणि दोन-तीन फेऱ्यांतच सोडला. इंजिन दाबापाशी अडलं, उलटं फिरलं, हँडलचा झटका थेट अंगठ्यावर.

"आंगठा काहून गुंडायला?" आई खोपटाच्या दारात उभी. "बाकीच्या बोटाइच्या बाजूनंच ठेव. तुह्या बाबाचं मनगट असंच मोडलं होतं."

मोडलेलं आठवतं. मी चौथीत होतो. पण तेव्हा दीड महिना इंजिन कोणी चालवलं, हे कधी मनातच आलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, "तुह्या काकानं हँडल मारलं. खटका मीच पाहो. तुह्या बाबाच्या वक्तीबी मीच पाहो."

पदर खोचून ती पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि खटका उचलून धरला. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण उभी अशी राहिली की जणू कालच इथून गेली होती. मी फिरवायला लागलो. माझं सगळं लक्ष हातात, तिचं नुसतं कानात. दर दोन फेऱ्यांना नोझल एकदा 'कुर्र' करतं. तो आवाज येत नाही तोवर डिझेल पोचलेलंच नसतं, मग कितीही घाम गाळा.

"घाई नोको करू... अजून... अजून नाही भरला वेग..."

माझा दम संपत आला होता. आता सोड, असं ओरडणार, तेवढ्यात तिनं सोडला. एक ठोका. मग भलं मोठं काळं ढेकर. मग ठक्, ठक्, आणि ठोके एकमेकांत मिसळले. ६५० फेऱ्यांना ३२५ ठोके, कारण दर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. लहानपणी शाळेतून येताना नाल्याच्या पुलावरूनच हा आवाज ऐकू यायचा आणि मी म्हणायचो, बाबांनी इंजिन लावलं. हँडल ओढून बाहेर काढायचं मी विसरलोच होतो. तेही तीच ओरडली तेव्हा काढलं.

पाऊण तासात आळी काठोकाठ भरली. तापलेल्या कडेवर पाणी पडलं की वाफ दिसत होती. मी इंजिन बंद करायला खाली आलो, तर आई मोटेच्या दगडापाशी गोधड्यांचा ढीग घेऊन हजर.

"राहू दे चालू. पावसाआधी धुऊन घेतो."

डिझेल संपेपर्यंत सहा झाल्या. सातवी पिळायला मला बोलावलं, आणि या अंगठ्यानं पिळवेना, तेव्हा हसली.