गवताचा काढा

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी आम्हाला मूठभर वाळलेलं गवत आणायला सांगितलं. कडबा चालणार नाही, गवतच हवं, हे त्यांनी दोनदा बजावलं. ते पाण्यात उकळून गाळलं, चहाच्या रंगाचा काढा दोन चंबूंत भरला, तोंडांना कापसाचे बोळे लावले आणि दोन्ही चंबू पुन्हा पाच मिनिटं उकळले. "आता यात काही जिवंत उरलं असेल का?" सरांनी विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही."

दोन दिवसांनी पहिल्या चंबूतला काढा गढूळ झाला होता आणि त्यावर सुरकुतलेली पांढुरकी साय धरली होती. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. रांगेत उभं राहून मी डोळा लावला तेव्हा बारीक बारीक काड्या पोहताना दिसल्या. मी बाजूला होईना, म्हणून मागच्या मुलींनी मला ढकललं.

सरांनी फळ्यावर लिहिलं: बॅसिलस सबटिलिस. बॅसिलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटी काठी. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३५ मध्ये या जिवाणूला व्हिब्रिओ म्हटलं होतं, फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये त्याला बॅसिलस या प्रजातीत आणलं, आणि पुढे १८७६ मध्ये त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात हे दाखवलं. इथे सर थांबले आणि म्हणाले, "बुरशीचा बीजाणू वंश वाढवायला असतो. याचा नाही. एका पेशीत एकच बीजाणू, आणि तो फक्त जगून राहण्यासाठी." पुढे एम.एस्सी.ला बीजाणूचा पाणी कमी असलेला गाभा, त्यातलं कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल, त्यावरची जाड आवरणं हे सगळं शिकले. पण सरांच्या त्या वाक्यात काही बदलावं लागलं नाही.

वर्गीकरण मात्र बदलत राहिलं. काडीचा आकार, जिवाणू ओळखायच्या ग्रॅम-रंजनात जांभळा रंग, बीजाणू आणि हवेत वाढण्याची क्षमता एवढ्यावर कितीतरी जीव बॅसिलसमध्ये जमा झाले होते. हवा न सोसणारे क्लॉस्ट्रिडियमकडे गेले. मग १९९१ मध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणाच्या, आरएनएची तुलना झाली आणि कळलं की हे एक कुटुंब नाहीच. पुढे पेनिबॅसिलस वेगळी झाली, २००१ मध्ये जिओबॅसिलस. मी निर्जंतुकीकरणाच्या विभागात काम करते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, नीट चालतो की नाही हे तपासायच्या पट्टीवरचे बीजाणू पूर्वी बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस म्हणून यायचे, आता जिओबॅसिलस म्हणून येतात. १२१ अंशांना ते मेले नाहीत, तर ती खेप मी बाहेर जाऊ देत नाही. उलट काळपुळीचा अँथ्रासिस, शिळ्या भातातून उलट्या करवणारा सीरियस आणि बीटी कापसाला जनुक देणारा थुरिंजिएन्सिस हे तिघे इतके जवळचे आहेत की त्यांना वेगळं ठरवण्यात प्लास्मिडांचा, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा, मोठा वाटा आहे. हे मला आजही विलक्षण वाटतं.

दुसऱ्या चंबूबद्दल सांगायचं राहिलं. तो आम्ही गुरुवारी उकळला, तसाच शुक्रवारी आणि शनिवारी अर्ध्या शाळेच्या आधीही उकळला. का, ते सरांनी शेवटी सांगितलं. पहिल्या उकळीत काड्या मरतात, बीजाणू उरतात. रात्रभरात ते रुजून पुन्हा काड्या होतात, आणि काडी झाली की उकळी तिला सोडत नाही. ही एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांची युक्ती. त्यांनाही जुन्या गवतानेच छळलं होतं.

तो चंबू सरांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वर खडूने तारीख लिहिली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा मी दप्तर न ठेवताच प्रयोगशाळेत धावले. काढा तसाच होता, चहाच्या रंगाचा, नितळ.

(माजी विद्यार्थिनी, एस.एस.सी. १९८७)