आमची वाटचाल : काटा, कारखाना आणि कॅलेंडर

२००४ च्या दसऱ्याला कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात आम्ही सुरुवात केली, तेव्हा धंदा होता कॉम्प्युटरच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा बदला, प्रिंटरचा रोलर साफ करा, नेटवर्कची केबल ओढा. त्या वर्षी घेतलेलं क्रिंपिंग टूल, म्हणजे केबलच्या टोकाला पिन दाबून बसवायचं हत्यार, अजून माझ्या खणात आहे. दांड्यावरचं रबर दोनदा बदललं, पण दात अजून शाबूत. खंडेनवमीला पूजेत पहिल्यांदा तेच ठेवतो, सर्व्हर नंतर.

कॅलेंडरच्या कामात, म्हणजे फिरतीवरच्या माणसांची कामं त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरात दिसतील अशी सोय करण्याच्या कामात, आम्हाला ओढलं आण्णांनी. आण्णांचा धंदा वजनकाट्यांचा, म्हणजे साखर कारखान्यांच्या केनयार्डातले (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारातले), खडी क्रशरवरचे, बाजार समित्यांतले मोठे काटे. नवे बसवायचे, जुने दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा वैध मापनच्या, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, निरीक्षकांपुढे स्टॅम्पिंग (तपासून शिक्का) करून द्यायचं. नऊ इंजिनीअर कायम फिरतीवर. एक शिरोळला, एक निपाणीला, एक गगनबावड्याला. ऑफिसात टेलिफोनवर वहिनी आणि त्यांच्या पाठीमागे चार बाय सहाचा पांढरा फळा. कोण कुठे आहे ते फळ्यावर निळ्या मार्करनं आणि कुठे जायचंय ते लाल मार्करनं. इंजिनीअरला उद्याचं काम कळायला संध्याकाळी ऑफिसला फोन करावा लागे. नऊ जणांचे नऊ फोन सात ते आठ या एका तासात. तेवढ्यात एखाद्या कारखान्याचा फोन आला की एंगेज टोन.

२००९ मध्ये आण्णा म्हणाले, "हा फळा पोरांच्या खिशात घालता येतो का बघ."

पहिली सोय सिंकएमएलवर केली, म्हणजे फोनवरच्या आणि सर्व्हरवरच्या नोंदी एकसारख्या करायच्या (सिंक) जुन्या पद्धतीवर. फुनांबोल या सॉफ्टवेअरचा सर्व्हर आमच्याच गाळ्यात, इंजिनीअरांकडे नोकियाचे ई-६३. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकानं एकदा 'सिंक' दाबायचं, जीपीआरएसच्या संथ मोबाईल इंटरनेटवर दोन-तीन मिनिटं थांबायचं. तो फोन हातात घेतल्यावर जो भरवसा वाटायचा, तो नंतरच्या कुठल्याच फोननं मला दिला नाही. बटणांवर ग्रीस लागलं तरी चालायचं आणि बॅटरी दोन दिवस जायची.

पोरं अँड्रॉइडकडे वळली तसे आम्ही २०१२ मध्ये कॅलडॅव्ह या कॅलेंडर सिंकच्या पद्धतीवर आलो. सर्व्हरवर डॅव्हिकॅल हे सॉफ्टवेअर आणि खाली पोस्टग्रेसचा डेटाबेस. पहिल्याच आठवड्यात टाइमझोन चुकला. सकाळी नऊच्या कामाचा गजर पहाटे साडेतीनला वाजला, कारण नऊची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साडेतीन अशी गेली, पण नोंदीत 'एशिया/कोलकाता' नव्हतंच, म्हणून तेच साडेतीन इथले धरले गेले. बरोबर साडेपाच तासांचा फरक. या कामात असलेल्यांना साडेतीन हा आकडा दिसला की पुढे काही सांगावं लागत नाही.

आता २०१५. याबद्दल गावात बरंच बोललं गेलं, बोलणाऱ्यांपैकी कुणीही मला विचारलं नाही, म्हणून नीट लिहितो.

ऑक्टोबर, दसऱ्याचं तोंड. कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन सुरू झालेलं, मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आत प्रत्येक काटा तपासून हवा. आण्णांच्या नऊ कॅलेंडरांत मिळून पुढच्या ४१२ नोंदी होत्या. त्यांच्याकडचा एक मुलगा नोकरी सोडून चालला होता. फोन धाकट्या भावाला द्यायचा म्हणून त्यानं संध्याकाळी एक सफाईचं ॲप घातलं आणि सगळी कॅलेंडरं निवडून 'सर्व पुसा' दाबलं. त्यानं फोनमधलं अकाउंट काढलं असतं तर सर्व्हरवर ओरखडाही उठला नसता. अकाउंट गेलं की फक्त फोनवरची प्रत जाते. पण त्यानं नोंदी पुसल्या. पुसलेली प्रत्येक नोंद म्हणजे सर्व्हरला एक हुकूम, आणि सर्व्हरनं ४१२ हुकूम पाळले. बाकीच्या फोनांनी रात्रीतून ते सर्व्हरकडून उचलले. नऊही कॅलेंडरांत लिहायचे अधिकार नऊही जणांना होते. ते मी दिले होते, एकमेकांची कामं बदलून घेता यावीत म्हणून. ती चूक माझी.

दुसरी चूकही माझीच. पहाटे दोनला बॅकअप होत असे, रोज एकाच नावाच्या फाईलवर. सकाळी वहिनींचा फोन आला तोवर कालच्या भरलेल्या फाईलवर आजची रिकामी फाईल बसली होती.

मी गाळ्यात शटर अर्धं ओढून बसलो. अर्ध्या तासानं डोक्यात आलं की गगनबावड्याकडे गेलेला इंजिनीअर आदल्या दुपारपासून रेंजमध्ये नाही. तो आण्णांकडचा सर्वांत जुना माणूस, त्याच्या फोनवर नऊही कॅलेंडरं होती. पुसण्याचे हुकूम त्याच्या फोनपर्यंत पोचलेच नसणार. तो ज्या कारखान्यावर होता, तिथल्या केनयार्डात लँडलाइन होती. तिथल्या क्लार्कला सांगितलं, "आमच्या माणसाला काट्याखालनं बाहेर बोलवा. आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगा, मग माझ्याशी बोलायला सांगा." त्यानं काही न विचारता तसंच केलं. मी मोटरसायकल काढली. कळे मागे टाकलं, साळवण मागे टाकलं, पावसाची उरलीसुरली भुरभुर होती. काट्याच्या खड्ड्याशेजारी पोत्यावर बसून, वायफाय बंद आहे ना हे तीनदा बघून, डेटा केबलनं आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींची) फाईल लॅपटॉपवर उतरवली. ४०६ नोंदी मिळाल्या. राहिलेल्या सहा आदल्या दुपारनंतरच्या होत्या, त्या वहिनींनी फोनच्या शेजारच्या पॅडवरून सांगितल्या.

संध्याकाळी सातपर्यंत सगळं जागेवर होतं. त्या हंगामात आण्णांचा एकही काटा मोळीच्या दिवशी बंद नव्हता.

तरी बातमी फुटली. आमच्याच कामात असलेला एक जण आधी आण्णांकडे कोटेशन देऊन आला होता, ते काम त्याला मिळालं नव्हतं. नाव लिहीत नाही. उद्योजकांच्या एका जेवणात त्यानं सांगितलं की आमच्या सर्व्हरनं एका पार्टीचा अख्खा हंगाम पुसला. परत मिळवल्याचं सांगितलं नाही. पंधरा दिवसांत आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, चाळीस माणसं फिरतीवर असलेली कंपनी, त्याच्याकडे गेलं. त्यानं त्यांना बाहेरच्या एका मोठ्या कंपनीची फुकटची योजना लावून दिली आणि फक्त बसवण्याचे पैसे घेतले. आमचे ६४,००० रुपये येणं होतं, ते थांबवलं. पाठोपाठ आणखी तिघे गेले. डिसेंबरात दोन पोरांना पगार द्यायला मी बायकोची एफडी मोडली. तोवर अकरा वर्षं एकाही पगाराची तारीख चुकली नव्हती, आणि त्या महिन्यातही मी ती चुकू दिली नाही.

आण्णांकडे मी स्वतः गेलो. म्हटलं, तुमचं नुकसान होता होता वाचलं, तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर सगळा डेटा देतो. आण्णा म्हणाले, "लोडसेल उडाला म्हणून कोण काटा उपटून टाकतंय व्हय? बस, चहा घे." (लोडसेल म्हणजे काट्याखालचा वजन मोजणारा भाग.) त्या वर्षीचे पैसे त्यांनी मार्चपर्यंत न थांबता जानेवारीतच दिले.

त्यानंतर पद्धत बदलली, ती या धंद्यात येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. फिरतीच्या माणसाला लिहिण्याचा अधिकार फक्त त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात द्या, बाकीची नुसती वाचायला. काम रद्द झालं तर नोंद पुसू नये, तिची स्थिती 'रद्द' करावी. पुसण्याचा अधिकार ऑफिसातल्या एकाच माणसाकडे असावा. नोंदीचं शीर्षक गावाच्या नावानं सुरू करा, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर पहिले दोनच शब्द दिसतात आणि 'मेंटेनन्स' हा शब्द सगळीकडे सारखाच असतो. प्रवासाची वेगळी नोंद ठेवा. आंबोलीहून परत यायला लागणारा वेळ ऑफिसात बसलेल्याला कधीच खरा वाटत नाही. स्टॅम्पिंगला दरवर्षीचं 'रिपीट' लावू नका. बारा महिने मोजायचे ते प्रत्यक्ष स्टॅम्पिंग झालेल्या तारखेपासून, ते आठ दिवस सरकलं की पुढची तारीखही सरकते. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून सिंकचं ॲप वगळा, नाहीतर चार दिवसांनी इंजिनीअर म्हणेल की मला कामच दिसलं नाही, आणि तो खरं बोलत असेल. आणि सिंकला बॅकअप समजू नका. सिंक तुमची चूक सगळीकडे पोचवतं, तेही इमानेइतबारे.

२०१७ मध्ये रॅडिकेल या कॅलेंडर सर्व्हरवर आलो. हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. एक नोंद म्हणजे एक फाईल, साधा मजकूर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. प्रत्येक बदलानंतर गिटमध्ये, म्हणजे फाईलींचा इतिहास जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कमिट (बदलाची नोंद) पडेल अशी सोय लावली. आज कुणी काही पुसलं तर कुणाच्या लॉगिननं, किती वाजता आणि आधी काय लिहिलं होतं, हे मी चहा निवायच्या आत सांगतो. सिंकसाठी आउटलुकवाल्यांना कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर, अँड्रॉइडला डॅव्ह-एक्स-फाइव्ह. आयफोनला वरून काही लागत नाही. डॅव्ह-एक्स-फाइव्हचे पैसे आम्ही आमच्या खिशातून भरतो. ॲप लिहिणाऱ्याला त्याचं मिळालं पाहिजे.

पुढची दोन वर्षं सुरळीत गेली. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर चढत राहिली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. आण्णांचे तीन जण शिरोळ तालुक्यात होते. कोण कुठल्या गावात, कुणाच्या कारखान्यावर, शेवटचं काम किती वाजता संपलं, हे वहिनींना घरी बसून मोबाईलवर दिसत होतं. कुणाला आधी फोन करायचा हे त्यांनी त्यावरून ठरवलं. तिघेही सुखरूप आले. त्या आठवड्यात आमच्या गाळ्यात पाणी होतं, सर्व्हर मी आधीच तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला होता.

आण्णांच्या ऑफिसात आता सूनबाई बसतात. पांढरा फळा भिंतीवर तसाच आहे, वहिनी त्यावर फक्त सणांच्या सुट्ट्या लिहितात.

ती फुकटची योजना २०२२ मध्ये पैशाची झाली. तेव्हा आम्हाला सोडून गेलेल्या त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून फोन आला. २०१२ ते २०१५ च्या व्हिजिटच्या नोंदी त्यांना एका वादासाठी हव्या होत्या, नव्या जागी त्या कुणी नेल्याच नव्हत्या. आमच्याकडे होत्या. मी त्याच संध्याकाळी झिप करून पाठवल्या, कारण नोंदी गिऱ्हाइकाच्या असतात, आमच्या नाहीत. 'मिळाल्या' एवढं उत्तर आलं. ६४,००० रुपयांचा विषय त्यांनी काढला नाही. आमचे सीए दर मार्चला म्हणतात, ही रक्कम आता बुडीत खात्यात टाका. मी अजून टाकलेली नाही.