कडेला उभी माणसं

जुना फोटो हातात आला की मधल्या माणसाकडं मी सगळ्यात शेवटी बघतो. तो तयारी करून आलेला असतो. फेटा चापूनचोपून बांधलेला, मिशीला पीळ, खांद्यावर उपरण्याची घडी. त्याला जे दाखवायचं होतं ते त्यानं तेव्हाच दाखवून ठेवलंय. मला बघायच्या असतात त्या कडा. तिथं कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळं तिथं काहीही सापडू शकतं.

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या अलीकडं एक फ्रेमवाले मामा आहेत. दुकानात दर्शनी भागाला अंबाबाई, जोतिबा आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले बेवारशी फोटो. लोक काच बदलायला टाकून जातात आणि परत येत नाहीत. वाडा पाडला, भाऊ वेगळे झाले, आजोबांना कुणाच्या भिंतीवर टांगायचं यावर एकमत होईना, अशी कारणं. मामा मात्र ते फोटो टाकून देत नाहीत. "कुणाचा तर बाप हाय की वो त्यो, भंगारात कसा घालू?"

त्यातला एका जोडप्याचा फोटो मला फार आवडतो. मागं संगमरवरी जिना, नक्षीदार कठडा, पलीकडं तळं, तळ्यात हंस. बाई नऊवारीत, खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेली. नवरा शेजारी कोट-धोतरात उभा. भिंग लावलं तेव्हा कळलं, तो जिना जमिनीपर्यंत पोचलेलाच नाही. पडदा वीतभर आखूड पडलाय. खाली शेणानं सारवलेली जमीन आहे आणि सारवणाऱ्या हाताचे अर्धगोल तिच्यावर अगदी स्पष्ट उमटलेत. डावीकडं पडदा ताणून धरणारी चार बोटंही दिसतात. बाकीचा माणूस पडद्यामागं.

"काय बघालायसा एवढं?" मामांनी विचारलं. मी बोटं दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो पार नाकाशी धरला. "आयला! ह्यो गडी एवढी वर्सं माझ्या दुकानात हुबा हाय, आन मला म्हाईत न्हाई!"

असले पडदे रंगवणाऱ्या हातांची कोल्हापूरला कधी कमी नव्हती. नाटक मंडळ्यांना राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे सतत लागायचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ही जोडी त्याच कामातली. पडदे रंगवता रंगवता दोघांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही, कॅमेरा इथंच बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपल्याकडं सिनेमाची सुरुवात फोटोतल्या आणि नाटकातल्या त्या खोट्या जिन्यांवरून चढून झाली, असं मला उगीचच वाटत राहतं.

जुन्या फोटोत कुणी हसत का नाही, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे तेव्हा फोटो काढायला वेळ लागायचा. काचेवर ओलं रसायन चढवून फोटो घ्यायच्या जमान्यात ते खरंही होतं. काही सेकंद निश्चल बसावं लागे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. नीट बघितलं तर उभ्या माणसाच्या टाचांमागं त्या स्टँडचा पाय कधीकधी दिसतो. पण 1880 नंतर कोरड्या काचा आल्या आणि काम झटपट होऊ लागलं. आपल्या घराघरांतले बहुतेक फोटो त्यानंतरचे, तरी माणसं गंभीरच. मला वाटतं यात काचेचा काही दोष नाही. आयुष्यातून एखाद-दुसरा फोटो, त्यासाठी कपाटातले दागिने अंगावर, वर पैसे मोजायचे. हसायला झालंय काय?

संस्थानकाळातले चित्त्याच्या शिकारीचे फोटो हा कोल्हापूरचा खास ऐवज. गाडीवर बसवलेला चित्ता, डोळ्यांवर चामड्याची टोपी. काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. पाळीव चित्त्यांना पिल्लं होत नसत, त्यामुळं दरवेळी रानातलाच धरून आणावा लागे. इथले चित्ते दुर्मिळ झाले तसे संस्थाननं ते आफ्रिकेतून मागवले. 2022 साली मध्य प्रदेशातल्या कुनोत नामिबियाचे चित्ते उतरले तेव्हा आमच्या कट्ट्यावर, "आमच्यात लई आधी आलं हुतं," असं म्हणून चहाची आणखी एक फेरी झाली. फोटोखाली नावं असतात ती महाराजांची, पाहुण्या साहेबांची. चित्त्याची दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव बहुधा नसतंच. सगळ्या फोटोत चित्ता ऐकणार तो त्या एकट्याचंच!

कधीकधी मधलाच माणूस कडेला जातो. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा प्रवास आटोपून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. तिथं त्या काळी दहनाची पद्धत नव्हती, म्हणून खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. 1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपला नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. 1970च्या दशकात जवळच पूल झाला, त्याचंही नाव त्या 'इंदियानो'वरून, म्हणजे भारतीय माणसावरून. फ्लॉरेन्सची माणसं रोज त्यांच्या नावाच्या पुलावरून जातात. इथं रंकाळ्यावर उभं राहून दहा जणांना विचारा, किती जण सांगतील ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे 'दुर्मिळ' फोटो हे वेगळंच प्रकरण. झाशीच्या राणीचा 'एकमेव खरा' फोटो मला दरवर्षी येतो, दरवर्षी बाई वेगळी असते. शिवाजी महाराजांचाही येतो. महाराज गेले 1680 साली आणि फोटोची कला जगापुढं आली 1839 मध्ये, हे सांगितलं की पाठवणारे काका दोन हात जोडलेली खूण टाकून मोकळे.

त्यापेक्षा घरातला फोटो बरा, त्यात निदान भांडायला दोन्ही बाजू जिवंत असतात. आमच्या सोप्यातल्या जुन्या ग्रुप फोटोत उजव्या कडेला झबलं घातलेलं एक पोर आहे. ऐनवेळी हललंय, त्यामुळं चेहऱ्याचा नुसता धूर. थोरली आत्या म्हणते, ती मीच. धाकटी म्हणते, तो शेजारचा पोरगा, कारण पोराच्या पायात तोडे आहेत आणि "आपल्याकडं तोडे करण्याएवढं पैसं कवा हुतं गं?" शेवटी काकांनी तो स्कॅन करून मोठा करून आणला. पोराचा चेहरा होता तोही गेला. पण मागच्या दारात, अंधारात, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई दिसायला लागली. दोघी आत्या एकदम ओरडल्या आणि दोघींनी वेगवेगळी नावं घेतली.