बेअरिंग बोलून राहिलं

जुनी मशीन विकणारा माणूस गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच तिचे दोष स्वतःच्या तोंडाने सांगतो, हे मी नागपुरात पाहिलं, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावं असं तेव्हापासून वाटतंय. प्रवासात बाकी सांगण्यासारखं फारसं नाही. नाशिक रोडहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, स्लीपरचा डबा, भुसावळनंतर झोप नाही. सकाळी नागपूर स्टेशनवर उतरलो. एप्रिल संपत आला होता, त्यामुळे त्या वेळीही ऊन अंगाला लागत होतं.

मी सुऱ्या बनवतो. स्वयंपाकघरातल्या, भाजी आणि मटण कापायच्या. पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचे पाटे, नाहीतर बेअरिंगच्या जातीचं ईएन-31. आतापर्यंत सगळं काम कानशीवर आणि हातातल्या अँगल ग्राइंडरवर चाललं होतं. कानशीने एका पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू, काढायचा तर सुट्टीचा अख्खा दिवस जातो आणि तरीही दोन्ही बाजू सारख्या येतील याची खात्री नाही. या कामाला बेल्ट ग्राइंडर लागतो, म्हणजे चाकांवर पळणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर पोलाद घासायची मशीन, तीही 50 बाय 1830 मिलिमीटरच्या पट्ट्याचा. इंचात सांगायचं तर दोन बाय बहात्तर. जगभरचे सुरी बनवणारे हेच माप वापरतात, त्यामुळे भरड 36 नंबरपासून बारीक 400 पर्यंत आणि त्याच्याही पुढचे पट्टे या मापात मिळतात. नवी मशीन मोटर आणि ड्राइव्हसकट (मोटरला वीज पुरवून तिचा वेग बदलणारा डबा) घ्यायची म्हटलं तर माझ्या आवाक्याबाहेर. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे अशी मशीन विकायला आहे, असं एका नागपूरकर मित्राने कळवलं, म्हणून निघालो.

त्यांनी दुपारी बोलावलं होतं. सकाळ मोकळी होती, म्हणून शहरातल्या जुन्या मशिनरीच्या एका दुकानात डोकावलो. तिथला अनुभव वाईट होता. निळ्या रंगात नुकतीच रंगवलेली एक मशीन मला 'चालू कंडिशन' म्हणून दाखवली. ब्रश बेअरिंगच्या सीलवरूनही फिरलेला. पट्टा नाही. माप विचारलं तर 'सगळे पट्टे बसतात' असं उत्तर. टेप लावून पाहिलं तर ती सुतारकामाची सँडर निघाली, 100 बाय 915 ची. चालू करून दाखवा म्हटलं तर दुकानात थ्री फेज नाही. मग चालू कंडिशन कशावरून? मला या ताज्या रंगाचा मनापासून राग आहे. गंज, तेलाचा ओघळ, वेल्डिंगचा तडा, मशीनबद्दल जे जे कळायला हवं ते सगळं त्या रंगाखाली गडप होतं. वर दुकानदार आपल्यालाच घाई करतो, कारण 'दुसरी पार्टी येऊन राहिली'.

तर्री पोहे खाल्ले (तिखट, झकास), सीताबर्डीहून मेट्रो पकडली. अंबाझरी तलाव खिडकीतून मागे गेला आणि शेवटच्या लोकमान्य नगर स्टेशनवर उतरलो. पुढे ऑटो.

घराच्या मागे टिनाच्या पत्र्याची शेड. मी थेट तिकडे वळलो, तर त्या गृहस्थांनी, म्हणजे काकाजींनी, हात धरून घरात नेलं. "या ना जी. आधी बसा, पाणी प्या. मशीन काही पळून नाही राहिली." वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत होता. काकूंनी पन्हं आणून दिलं. नागपूरच्या उन्हातून आल्यावर त्या ओल्या वाळ्याचा वास काय असतो, हे ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. एसीच्या हॉटेलात मला तो आराम कधीच मिळालेला नाही.

मशीन काकाजींनी स्वतः बांधलेली होती. जाड एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपची फ्रेम, 2 एचपीची मोटर, तिच्यावर 150 मिलिमीटरचं ड्राइव्ह व्हील, पुढे रबर चढवलेलं 250 चं काँटॅक्ट व्हील, आणि ते काढून बसवता येईल असा प्लॅटन, म्हणजे पट्ट्याला मागून टेकू देणारी सपाट पट्टी. रंग जागोजागी उडालेला. आणि अजून मी वाकूनही पाहिलं नव्हतं, तोच काकाजी म्हणाले, "पहिले काय खराब आहे ते सांगतो. चांगलं तं तुम्हाला दिसतेच."

त्यांनी पट्टा उतरवला, ट्रॅकिंगचं, म्हणजे पट्टा मधोमध ठेवणारं, चाक हाताने फिरवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या बोल्टवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. "ऐका. बेअरिंग बोलून राहिलं." खरंच, आत बारीक खरखर होती. बाकीच्या चाकांवरही तसंच ऐकवलं, ती गप्प होती. ट्रॅकिंगच्या चाकात 6202 नंबरच्या बेअरिंगची जोडी आहे, पोलादाचा भुगा आत गेलाय, बदला लागते, हे त्यांनीच सांगितलं. मग प्लॅटनवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. मधोमध पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. पट्टा वर्षानुवर्षं घासून प्लॅटन मध्ये खोलगट होतो, आणि तशा प्लॅटनवर सपाट उतार कधीच सपाट येत नाही. "हा उलटा करून लावला तं मागची बाजू चालते काही दिवस. पण नवा घ्याच."

नंतर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. माझ्या घरी सिंगल फेज आहे, म्हणजे मशीन ड्राइव्हवर चालवावी लागणार. साधा सिंगल फेजचा ड्राइव्ह 230 व्होल्ट घेतो आणि थ्री फेज देतो, पण तेही 230 च. ही मोटर 415 ची, आतली वाइंडिंग स्टार नावाच्या जोडणीत. 230 वर तिची पूर्ण ताकद हवी तर जोडणी बदलून डेल्टा नावाची करावी लागते, आणि त्यासाठी वाइंडिंगची सहाही टोकं बॉक्सपर्यंत आलेली हवीत. कित्येक मोटरींत तीनच येतात, बाकीची तीन आतच बांधून टाकलेली असतात, मग मोटर खोलून वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते. इथे सहाही होती. पितळी पट्ट्या कुठून काढून कुठे लावायच्या, ते काकाजींनी खडूने पत्र्यावर काढून दाखवलं आणि मला त्याचा फोटो घ्यायला लावला.

एवढ्यावर मी पैसे द्यायला तयार होतो. त्यांना ते मान्य नव्हतं. "चालवून पाहा लागते जी. तुमच्या हातानं."

कमानीच्या पाट्यातून कापलेला, घासून 4 मिलिमीटर केलेला एक तुकडा त्यांनी दिला, सुरीच्या आकाराचा. मी मार्कर काढून धारेची मधली रेघ अंदाजाने मारायला लागलो तसं त्यांनी थांबवलं. कडेवर निळा मार्कर फासला. तुकडा काचेवर आडवा ठेवला, शेजारी 4 मिलिमीटरचा ड्रिल आडवा ठेवला आणि ड्रिलच्या टोकाने कडेवर रेघ ओढली. ड्रिलची जाडी आणि पोलादाची जाडी एकच, म्हणून टोक बरोबर निम्म्या उंचीवर येतं. मग तुकडा उलटा करून पुन्हा ओढली. टोक केसभर वरखाली असेल तर दोन रेघा उमटतात आणि त्यांच्या मधोमध जायचं. निळ्या रंगात चमकणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या त्या दोन रेघा मी बराच वेळ बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट, आणि सुरीच्या दोन्ही बाजू सारख्या येणं तिच्यावर अवलंबून.

स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. 1440 आरपीएमची मोटर आणि 150 चं व्हील, म्हणजे पट्टा मिनिटाला पावणेसातशे मीटरच्या आसपास पळतो. काकाजींनी आधी ट्रॅकिंगचा नॉब थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून पट्टा चाकाच्या काठापर्यंत नेऊन परत मध्ये आणून दाखवला. पट्टा परत यायला हवा आणि दाब दिल्यावरही मध्येच राहायला हवा, नाहीतर फ्रेम वाकडी आहे असं समजावं. मग मी तुकडा लावला. 60 नंबरचा सिरॅमिक पट्टा, ठिणग्यांचा झोत खाली ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत. वर पत्रा तापलेला, घाम डोळ्यात. "कोपरं पोटाशी. हात नाही हलवायचे, कमरेतून सरका." मी कमरेतून सरकलो आणि उताराची रेघ पहिल्यांदा सलग आली. प्रत्येक फेरीनंतर तुकडा बादलीत. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेलं, पातं असतं तर याची गरज आणखी. धारेवर निळा रंग चढला की तिथलं तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं समजा, आणि पात्याला दिलेलं पाणी तिथे उतरलं, म्हणजे कडकपणा गेला.

मग त्यांनी झिजलेला बारीक पट्टा चढवायला लावला. भरड पट्ट्यावर सगळ्याच मशीन चांगल्या वाटतात, त्यांचं म्हणणं. बारीक पट्ट्यावर प्लॅटनचा खड्डा, चाकाची थरथर, पट्ट्याच्या जोडाची टकटक, सगळं पात्यावर उमटतं. उमटलंही, मध्ये एक पुसट लाट दिसली. त्यांनी बोट ठेवून दाखवली. "हे पाहा. हा खोलगटपणा."

मशीन का विकताय, हे मी जेवताना विचारलं. काकूंनी गोळाभात केला होता, वर हिंगाची गरम फोडणी, बाजूला कैरीचं लोणचं. काकाजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्यांनी आयुष्यभर खाटीक दुकानांचे सत्तूर आणि सुऱ्यांची कामं फावल्या वेळात केली, तोंडाला कधी रुमालापलीकडे काही बांधलं नाही. आता जिना चढताना दम लागतो, डॉक्टरांनी धुळीजवळ जायलाच मनाई केली आहे. माझ्यासाठी मशीन चालवली तेव्हाही काकू दोनदा शेडच्या दारापर्यंत येऊन गेल्या होत्या, त्याचं कारण तेव्हा समजलं. "मास्क कोणता वापरता?" त्यांनी विचारलं. मी साधा कापडी मास्क सांगितला. ते रागावले. फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घेईपर्यंत मशीन चालू करायची नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं, काकूंच्या साक्षीने. पाहुणचार पुष्कळ ठिकाणी मिळतो. परक्या माणसाच्या फुप्फुसांची एवढी काळजी मला कुठे भेटली नव्हती.

किंमत 32 हजार ठरली होती. मी खिशातून पाकीट काढलं, मोजले. त्यांनी हजार परत केले. "बेअरिंग आणि प्लॅटनचे कमी करा. ते तुम्हाला घ्या लागते." मी नको म्हटलं तर नोटा माझ्या शर्टाच्या खिशात घातल्या. वर पीव्हीसी पाइपवर टांगलेले उरलेले पट्टे उतरवून दिले. पट्टा घडी घालून ठेवू नको, दमट जागेत ठेवू नको, जोडाचा गोंद सुटतो, आणि मागे बाण छापला असेल तर तो फिरण्याच्या दिशेलाच लाव, हे सगळं दारापर्यंत चालूच होतं.

संध्याकाळी फ्रेम, मोटर आणि चाकं सुटी करून पोत्यांत बांधली आणि ट्रान्सपोर्टने पाठवली. तिथे मात्र फार चिडलो. 'मोटर आहे, उलटी ठेवू नका' असं दोन बाजूंनी लिहून, वर तोंडी सांगूनही ती नाशिकला पंख्याच्या बाजूवर उभी करूनच उतरवलेली सापडली. कव्हर आत दबलेलं, पंख्याला घासत होतं. भाड्याचे पूर्ण पैसे आधीच घेतलेले, तक्रार ऐकायला कोणी नाही. कव्हर काढून हातोडीने ठोकून सरळ केलं.

दोन्ही 6202 बदलल्या, प्लॅटन नवा पाडून घेतला, पितळी पट्ट्या फोटोप्रमाणे हलवल्या, रबरी मास्क आला. आता ड्राइव्हवर वेग कमी-जास्त करता येतो. 400 चा पट्टा 25 हर्ट्झला, म्हणजे निम्म्या वेगाला, सुरेख चालतो आणि पातं तापत नाही. सिरॅमिकचा भरड पट्टा मात्र पूर्ण वेगाला आणि चांगला दाब देऊनच वापरावा. हळू चालवला तर त्याचे दाणे तुटून नवी धार येत नाही, ते गुळगुळीत होतात, आणि महागाचा पट्टा पोलाद न कापता नुसतं तापवत बसतो.