फुलाचा रंग (एकच लिहावा)

सोसायटीच्या बागेतल्या फुलझाडांची नोंद करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं तेव्हा वाटलं होतं, दिवाळीच्या आत उरकेल. उरकलं तेव्हा जिन्यात पाणीकपातीची नोटीस लागली होती. मधला सगळा काळ एका झाडाने आणि एका रकान्याने खाल्ला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण राग अजून पुरता गेलेला नाही.

अर्ज एका उद्यान स्पर्धेचा होता. प्रत्येक झाडासाठी एक ओळ: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ, थोडक्यात वर्णन, फुलाचा रंग (एकच लिहावा), बहराचा काळ, फळ. तळाला ठळक अक्षरांत, रिकामा रकाना असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. वर झाडाच्या फोटोसह नामफलक लावणं बंधनकारक.

जास्वंद, मोगरा, सदाफुली, अबोली, एक्झोरा ही मंडळी एका दुपारीच कागदावर आली. कुळांची मराठी नावं विश्वकोशात सापडतात, त्यामुळे जास्वंदीपुढे भेंडी कुळ, कण्हेरीपुढे करवीर कुळ असं लिहिताना उगाच ऐटही आली. ताम्हण तर काय, राज्याचं फूल, ते चुकवायची सोयच नाही.

पहिला खटका रंगाच्या रकान्यात उडाला. बोगनवेलीचा रंग कोणता लिहायचा? आपण ज्याला फूल म्हणून मिरवतो ती तीन छदं असतात, म्हणजे रंग चढलेली पानंच. खरं फूल म्हणजे प्रत्येक छदाला चिकटलेली ती बारीक पांढुरकी नळी. आमच्याकडे ‘मेरी पामर’ आहे, तिच्या एकाच वेलीवर पांढरी आणि किरमिजी अशी दोन्ही छदं येतात. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. ब्रुन्फेल्सिया जांभळ्यापासून सुरू होऊन पांढऱ्यावर संपतं. कर्दळीत तर पाकळ्या म्हणून जे डोळ्यांत भरतं ते रूप बदललेले पुंकेसर असतात, खऱ्या पाकळ्या मागे अरुंद आणि बिचाऱ्या. अर्ज बनवणाऱ्याने बाग पाहिली असेल, पण वाकून पाहिली नसणार. मी रंगाच्या रकान्यात ‘पांढरा’ लिहून बाकीचं वर्णनात कोंबलं. वर्णनाचा रकाना कुणी वाचत नाही हे तोवर लक्षात आलं होतं, त्यामुळे तिथे हवं ते लिहिता येतं. तुम्हीही तसंच करा.

इथेच एक सांगून टाकते. नाव आधी शोधू नका, आधी वर्णन लिहा. झाड, झुडूप की वेल, पानं समोरासमोर, एकाआड एक की पेराला तीन, पान तोडल्यावर चीक येतो का, फूल फांदीच्या टोकाला की पानाच्या बगलेत, पाकळ्या सुट्या की खाली जुळलेल्या, पुंकेसर किती. एवढं वहीत असलं की निम्मी भांडणं मिटतात. आमच्याकडे डबल तगर आणि अनंतावरून बायकांत दोन तट होते. पान तोडलं. पांढरा चीक आला, तगर. अनंताला चीक नसतो आणि पानांच्या देठांमध्ये बारीकशी उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी पापुद्रं, असतात, कारण तो कदंब कुळातला. कण्हेर आणि बिट्टी यांचंही तसंच. कण्हेरीची पानं पेरावर तीन-तीन येतात, बिट्टीची एकेक करून फांदीभोवती. दोन्ही विषारी आहेत, पान तोडल्यावर हात धुवा आणि मुलांना या कामाला लावू नका.

आता कांचन.

बी विंगच्या कोपऱ्यावर एक कांचन आहे. बिल्डरच्या काळातला, आता दुसऱ्या मजल्याला टेकलेला. सगळे त्याला कांचन म्हणतात आणि ते बरोबरच आहे. बाउहिनिया, दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडलेलं नाव, पानही मधे चिरलेलं, दोन भावांसारखं जुळं. पण बागेत कांचन म्हणून तीन झाडं लावतात. बाउहिनिया पर्प्युरिया, बाउहिनिया व्हेरिगाटा आणि या दोघांचा संकर असलेलं ब्लेकियाना. ऑगस्टमध्ये आमच्या झाडावर पानांखेरीज काही नव्हतं. पानावरून पैज लावू नये. एकाच फांदीवर चीर कुठे खोल, कुठे उथळ, टोक कुठे गोल, कुठे जरा निमुळतं. म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘बाउहिनिया, जात फुलल्यावर कळवू.’

अर्ज परत आला.

‘मॅडम, शास्त्रीय नाव अर्धं आहे,’ टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

‘जात फुलाशिवाय सांगता येणार नाही.’

‘मोबाईलवर फोटो टाका की. लगेच येतं.’

मी त्यांच्यासमोरच टाकला. त्याच झाडाच्या पानाचे तीन फोटो, तीन उत्तरं, त्यातलं एक चक्क आपटा. हे अगदी शांतपणे बघून ते म्हणाले, ‘मग त्यातलं एक लिहा.’

‘कोणतं?’

‘तुम्हाला योग्य वाटेल ते. रकाना भरला पाहिजे.’

साहेबांना भेटायचं म्हटलं तर साहेब साइटवर. पुढच्या वेळी मीटिंगला. मग आचारसंहिता. दर वेळी तोच बाक, त्याच खिडकीतून येणारं ऊन आणि भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’. मुदत मात्र दर वेळी वाढत होती, कारण कुणाचेच अर्ज पूर्ण नव्हते. त्यामुळे भांडायचं निमित्तही मिळेना. बाहेर बसलेल्या एका काकांचा अर्ज प्लुमेरियावर, म्हणजे चाफ्यावर, अडला होता. त्यांनी म्हणे प्लुमेरियाच्या दोन जाती लिहिल्या आणि तपासणाऱ्याने ‘पुनरावृत्ती’ असा शेरा मारला. मी त्यांना म्हटलं, पानांचा फोटो जोडा. रुब्राच्या पानाचं टोक निमुळतं आणि हिवाळ्यात झाड उघडं पडतं, ऑब्ट्युसाचं टोक गोलसर आणि पानं बहुतेक टिकतात. काका खूश झाले. माझा अर्ज होता तिथेच होता.

खोटं नाव लिहून मोकळं व्हायला काही हरकत नव्हती, असं आमच्या अध्यक्षांचंही मत होतं. ‘वहिनी, कोण बघतंय?’ पण मग ती पाटी पुढची दहा वर्षं त्या झाडाखाली उभी राहणार आणि शाळेतली मुलं ती वहीत उतरवून घेणार. हट्टीपणा म्हणा हवं तर. मी थांबले.

दसऱ्याला नवीनच संकट. सकाळी खाली उतरले तर कांचनाच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या. सोनं म्हणून लोकांनी कांचनाची पानं नेली होती. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदच जास्त असतं. फुलंही फिकट, बारीक, तुऱ्यात येतात. कांचनाचं पान मोठं आणि पातळ. पण रस्त्यावरही कांचनाच्याच जुड्या विकायला बसलेल्या असतात, तिथे आमच्या शेजाऱ्यांना काय बोलणार. त्या फांद्यांच्या टोकांना कळ्या धरायला लागल्या होत्या, त्या पानांबरोबर गेल्या. वरच्या फांद्या वाचल्या, कारण शिडी माळीमामांच्या खोलीत कुलपात होती.

नोव्हेंबरमध्ये वरच्या फांद्या फुलल्या. मोठी, गडद किरमिजी-जांभळी फुलं, खाली भरपूर पानं. माळीमामांनी आकडीने दोन फुलं काढून दिली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ब्लेडने उभी चिरली. पुंकेसर पाच, त्यातले तीन लांब. पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या. पर्प्युरियाला परागाचे पुंकेसर सहसा तीन असतात आणि पाकळ्या अरुंद, मधे फट दिसेल अशा. म्हणजे ती गळाली. राहिल्या दोन. व्हेरिगाटालाही पाचच पुंकेसर, पण तिचा बहर हिवाळा सरताना, झाड जवळजवळ निष्पर्ण झाल्यावर येतो. आमचं झाड नोव्हेंबरात भरल्या पानांत फुललं होतं. मला ब्लेकियानाचा संशय पक्का व्हायला लागला, पण संशयावर पाटी रंगवायची नव्हती.

ब्लेकियानाची खूण फुलात नाही, फुलानंतर आहे. ते वांझ आहे, शेंग धरत नाही. 1880 च्या सुमारास हाँगकाँग बेटाच्या किनाऱ्याजवळ हे झाड एका फ्रेंच मिशनऱ्याला आढळलं, तिथून फांद्यांच्या छाटांवर वाढवत नेलं आणि 1908 मध्ये तिथले माजी गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्यावरून त्याला नाव मिळालं. बी नसल्याने माणसाने कलम केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. हाँगकाँगने 1965 मध्ये ते आपलं फूल ठरवलं आणि 1997 पासून ते त्यांच्या झेंड्यावर आहे. म्हणजे बी विंगच्या कोपऱ्यावरचं आमचं झाड हे बहुधा त्याच एका झाडाचा कुठून कुठून फिरत आलेला तुकडा. हे कळल्यावर मला फार भारी वाटलं. अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग लिहून टाका ना!’

पण शेंग धरत नाही हे सिद्ध करायला शेंग धरायचा काळ जाऊ द्यावा लागतो. मी माळीमामांकडून हाताशी येतील तेवढ्या फुलांच्या देठांना हिरवी लोकर बांधून घेतली. ही युक्ती लक्षात ठेवा. गळलेलं फूल आणि धरलेलं फूल पुढे ओळखू येत नाही, लोकर असली की देठावर काय राहिलं ते दिसतं. बहर चालूच राहिला. डिसेंबर, जानेवारी. लोकरीचे देठ एकेक करून वाळून गळत होते, शेंगेचा पत्ता नाही. फेब्रुवारीत रस्त्यावरचे व्हेरिगाटा फुलले. फिकट गुलाबी, मधल्या पाकळीवर गडद शिरा, खाली पानं विरळ. पुढे त्यांना चपट्या हिरव्या शेंगा लोंबायला लागल्या. आमचा अजून फुलतच होता आणि झाडावर एक शेंग नाही. पुंकेसर, पाकळ्या, भरल्या पानांतला लांबलेला बहर आणि शेंगांचा अभाव. चार गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बाउहिनिया × ब्लेकियाना. मधली फुली संकराची, ती गाळू नका. टंकलेखन करणारे ती चूक समजून काढून टाकतात, माझ्या पहिल्या प्रतीत तेच झालं.

कार्यालयात तेच टेबल, तेच गृहस्थ. त्यांनी नाव पाहिलं, मान हलवली, बोट पुढे सरकवलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबवलं.

‘फळ?’

‘धरत नाही.’

‘म्हणजे रकाना रिकामा?’

‘रिकामा नाही हो. फळच नाही, तीच तर त्याची ओळख आहे. मी सगळा हिवाळा—’

त्यांनी हात वर केला. पेन उचललं, माझ्याकडे सरकवलं. ‘निरंक लिहा.’

लिहिलं. शिक्का बसला. पोच मिळाली. घरी येऊन मी दोन कप चहा प्याले, एकापाठोपाठ.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, त्याचं काही विशेष नाही. पण सकाळी फिरायला येणारी माणसं कांचनापाशी थांबून पाटी वाचतात आणि फुलाची पाठ बघतात, तेव्हा मी गॅलरीतून बघत असते आणि मुळीच लाजत नाही.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा. फुलाचा फोटो समोरून तर सगळेच काढतात. पाठीमागून काढा, बाजूने काढा, पानाची खालची बाजू काढा, आणि एक संपूर्ण झाडाचा, शेजारी कुणाला तरी उभं करून, म्हणजे उंची कळते. दहा पट दाखवणारं भिंग घ्या, फार महाग नसतं. मुसंडाच्या बाबतीत ते नसलं तरी चालेल. जी गुलाबी ‘फुलं’ दिसतात ती मोठी झालेली निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं, आणि मधली पिवळी चांदणी हे फूल. बागेत लावलेल्या निवडक वाणाचं नाव ठाऊक असेल तर ते जातीनंतर एकेरी अवतरणात लिहायचं, तीच जगभरची रीत आहे. रोपवाटिकेच्या पावतीवरचं नाव मात्र जसंच्या तसं घेऊ नका, तिथे डुरांटालाही कधीकधी ‘गोल्डन’ एवढंच म्हणतात.

आणि पाट्या. मार्करने लिहिलेलं एका उन्हाळ्यात उडतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बॉलपेनने जोर देऊन लिहिलं की अक्षरं पत्र्यात उमटतात, शाई गेली तरी वाचता येतात. पट्टी झाडाला खिळ्याने ठोकू नका, बुंध्याला तारेने आवळूही नका. गजावर बसवून बुंध्यापासून हातभर दूर रोवा. आणि गज रोवण्याआधी माळीमामांना विचारा ठिबकची नळी कुठून गेलीय ते.