आमची वाटचाल : आधी रेट, मग पाना

आयटीआयचा एक वर्षाचा प्लंबरचा कोर्स करून मी पुण्यात आलो ते 2006 साल. गाव वाईच्या पलीकडे, इथं ओळखीचं कोणी नाही, एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर लागलो. जीआय म्हणजे लोखंडी पाइपला आटे पाडायचे, गळू नये म्हणून सूत-सफेदा लावून जोडायचे, पुढे सगळीकडे सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे पाइप आले तेव्हा काम जरा हलकं झालं. 2010 ला स्वतःचं सुरू केलं. भांडवल म्हणजे दोन पाइप पाने, आटे पाडायचा एक डाय सेट, हॅक्सॉ आणि सेकंडहँड स्प्लेंडर.

मोठ्या कामात पैसे अडकायचे म्हणून घरगुती कामं धरली. नळ गळतोय, फ्लश टँक वाहतोय, बेसिन तुंबलंय. आणि तिथं कळलं की सगळ्यात अवघड असतो तो छोट्या कामाचा रेट. वॉशर वीस रुपयांचा, बदलायला दहा मिनिटं, पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जाऊन येऊन दीड तास मोडतो, तो कुठं लावायचा? तर तो सामानात लावला जातो. मला ओळखीचा दुकानदार सामानावर पंधरा टक्के कमिशन द्यायचा, म्हणजे वॉशर बदलला तर काहीच नाही आणि अख्खा नळ बदलला तर दोनशे सुटणार, मग माणूस काय सांगणार गिऱ्हाइकाला? पहिली दोन वर्षं मीही तेच केलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

2012 ला सहकारनगरच्या एका आजींचा फोन आला. बाथरूमची भिंत ओली, आधीच्या प्लंबरनं सांगितलेलं की आतला पाइप गेलाय, टाइल्स फोडायच्या, चौदा हजार. तो आकडा कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर लिहून आजींनी स्टीलच्या डब्यात जपून ठेवलेला. मी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, कन्सिल्ड स्टॉप कॉकची, म्हणजे भिंतीत बसवलेल्या कॉकची, मूठ आणि मागची चकती (फ्लँज) काढली, तर मूठ फिरवली की आत फिरणाऱ्या दांड्याच्या म्हणजे स्पिंडलच्या ग्लँडमधून, त्याच्याभोवतीच्या पॅकिंगमधून, पाणी झिरपून मागच्या मागे भिंतीत उतरत होतं. पाइपला काही झालेलं नव्हतं. नवा स्पिंडल टाकला, सगळे मिळून चारशे सांगितले. आजी म्हणाल्या, "बाळा, मला स्वस्त नकोय, पैसे कशाचे लागले ते तेवढं सांग." मी डब्यातल्या त्याच पानामागे लिहून दिलं, स्पिंडल इतक्याचा, मजुरी इतकी. येताना गाडीवर डोक्यात तेच चालू होतं.

घरी आल्यावर बायकोनं वही काढली. पेट्रोल, येण्याजाण्याचा वेळ, हाताखालच्या पोराची हजेरी असं सगळं मांडून व्हिजिट चार्ज ठरला अडीचशे, त्यात पहिला अर्धा तास काम. सामान दुकानाच्या बिलाप्रमाणे, आणि दुकानदाराला सांगितलं की माझे पंधरा टक्के बिलातच कमी कर. तो नाराज झाला कारण मग बाकीचेही मागणार, आणि हाताखालच्या पोराचा त्यातला वाटा गेला म्हणून तोही महिन्याभरात सोडून गेला. गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायची, दहा मिनिटांचे अडीचशे? सहा महिने फोन कमी झाले. त्या काळात बायकोनं शिवणकाम करून घर ओढलं, हे लिहिलंच पाहिजे.

2020 च्या लॉकडाउनमध्ये सोसायट्या आत सोडेनात, तेव्हा व्हिडिओ कॉलवर लोकांना सांगून त्यांच्याच हातानं वॉशर बदलून घेतले. त्यात लक्षात आलं की बरीचशी कामं बघूनच कळतात. तेव्हापासून आधी फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवतो आणि रेट व्हॉट्सॲपवर लिहून देतो, मगच निघायचं. भिंतीच्या आतलं असेल तर उघडल्याशिवाय सांगता येत नाही, पण जास्तीत जास्त किती ते लिहितो, त्याच्या वर जायला लागलं तर काम थांबवून विचारायचं. फ्लश टँकची तक्रार असेल तर म्हणतो टाकीत खायचा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता थांबा, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय, अख्खी टाकी कोणी बदलायला सांगितली तर आधी तेवढं बघून घ्या.

आता आम्ही चौघं आहोत, व्हिजिट साडेतीनशे झालीय. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा हा नियम आहे. मागच्या आठवड्यात वडगावला मालक घरी नव्हते, कामवाल्या मावशींनी दार उघडलं, पोरगा काम करून नळाच्या आतला जुना कार्ट्रिज खिशातच घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पहिला कॉल तिकडचाच होता, त्याला म्हटलं जाता जाता तो देऊन ये, आणि आत रबर कुठं फाटलंय तेही दाखव.