‘सी’ कधी आलाच नाही

इंग्रजी बोलायला शिकले कशी ते सांगतेच, पण आधी नारायण पेठेतल्या त्या क्लासबद्दल लिहू द्या. त्याशिवाय पोटातलं जाणार नाही.

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटी बघते. आमचे पार्ट अमेरिकेत ओहायोला आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमला जातात. ड्रॉइंग, मोजमापं, ईमेल यात माझं काही अडत नाही. घोडं पेंड खायचं ते कॉलवरच्या इकडच्या-तिकडच्या गप्पांत. गेल्या पावसाळ्यात ओहायोवाला उशिरा आला, म्हणून मी सहज म्हटलं, आमच्याकडेही ट्रॅफिकनं वैताग आणलाय. तो म्हणाला, "टेल मी अबाउट इट!" मी सांगायला लागले. नाशिक फाटा, खड्डे, पुलाखालचं तळं, सगळं. तीन मिनिटं तो गप्प. नंतर आमचा ट्रेनी हळूच म्हणाला, "मॅडम, त्याचा अर्थ ‘मला काय सांगता, मीही तेच भोगतोय’ असा होतो."

त्याच शनिवारी क्लास लावला. तीन महिने, सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी 7.30, फी 7,500 रुपये. स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स पुस्तिका मिळाली, ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत 400 वाक्प्रचार. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर सफरचंद काढलं आणि सफरचंदात डोळा. ‘ॲपल ऑफ समवन्स आय’, म्हणजे आपला गळ्यातला ताईत. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’, म्हणजे ऐन वेळी. मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या सोमवारी चार नवी मुलं आली. "नवे जॉइन झालेत, पटकन रिव्हिजन घेऊ," सर म्हणाले. पुन्हा सफरचंद, पुन्हा डोळा. चौथ्या आठवड्यात आम्ही ‘बीट अराउंड द बुश’पर्यंत पोचलो, ‘बरी द हॅचेट’ करून भांडणंही मिटवली, आणि पाचव्या सोमवारी दोन आजोबा आले. मुलाकडे कॅनडाला जायचं होतं त्यांना. सफरचंद! सहाव्या आठवड्यात ते चुकून पर्मनंट मार्करनं काढलं गेलं आणि पुसलंच जाईना. त्यानंतर सरांचा तेवढा वेळ तरी वाचायला लागला.

इकडे मंगळवार-गुरुवारी 6.30 ला कॉल चालूच. एकदा शेवटी ओहायोवाला म्हणाला, "ऑलराइट, आय विल लेट यू गो." माझ्या काळजात धस्स झालं. ऑर्डर गेली की काय? मी म्हटलं, "नो नो, आय हॅव टाइम!" अहो, त्याला फोन ठेवायचा होता. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो ना, तशातलाच प्रकार. पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. ‘कॉल इट अ डे’, म्हणजे आता आवरतं घेऊ, हे मात्र होतं. ‘सी’मध्ये. पुढच्याच पानावर.

सातव्या आठवड्यात काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "‘सी’ कधी?"

"मॅडम, आपली बॅच कंटिन्युअस असते."

"मग पुढे कधी सरकते?"

"पुढच्यासाठी ॲडव्हान्स बॅच आहे. 9,000."

मी फी परत मागितली. तिनं माझीच पावती उलटी केली आणि बॉलपेनाचं टोक मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर ठेवलं. फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. मग सरांना भेटायला बाकावर 40 मिनिटं. सर आले आणि म्हणाले, "पाया पक्का झाला की इमारत आपोआप उभी राहते." सात आठवडे पायाच खणत होतो आम्ही! सोडला क्लास.

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही, कारण ते सुरळीत झालं. एक वही केली. कॉलवर जे कळलं नाही ते संपल्या संपल्या लिहायचं, कोण कशावरून बोललं तेही लिहायचं. दोन महिन्यांत साठेक नोंदी झाल्या, त्यातल्या पुस्तिकेत जेमतेम नऊ. मुसळधार पावसासाठी पुस्तिकेत कुत्री-मांजरं होती. माझी माणसं आपली साधं ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘द इंग्लिश वी स्पीक’ पीएमपीच्या बसमध्ये बसून ऐकायचे. एका भागात एकच शब्दप्रयोग, काही मिनिटांत संपतो, आणि फुकट. केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत अर्थाबरोबर तो ब्रिटिश की अमेरिकन, जुनाट झालाय का, हेही दिलेलं असतं. ते बघाच.

का, ते सांगते. ओहायोवाला एकदा ‘बर’च्या (म्हणजे पार्टच्या कडेला राहिलेल्या धातूच्या कुसळाच्या) तक्रारीवर म्हणाला, "लेट्स टेबल धिस." मी तीन शीट उघडून तयार, आणि तो पुढच्या विषयावर गेलासुद्धा! अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं, विषय चर्चेला घेणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत चांगलीच जुंपली होती, असं खुद्द चर्चिलनी लिहून ठेवलंय. म्हणजे मी एकटीच नव्हे.

अमेरिकनांचं बरंचसं बेसबॉलमधून येतं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अदमासे आकडा. ‘रेन चेक’ म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. पावसानं सामना रद्द झाला की तेच तिकीट पुढच्या सामन्याला चालायचं, त्यावरून. बर्मिंगहॅमवाल्याची ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अवघड परिस्थिती, मात्र मला पहिल्या फटक्यात कळली. क्रिकेट आपल्याला कुणी शिकवायचं?

ऐकलेलं लगेच वापरू मात्र नका. एका अवघड पार्टबद्दल मी ऐटीत ‘पीस ऑफ केक’ म्हणाले, म्हणजे हातचा मळ. समोरच्याचा पुढचा प्रश्न: मग भाव एवढा का?

अरे हो, एक राहिलंच, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नका. आपल्याला शंका विचारायची असते, त्यांना वाटतं आपण संशय घेतोय. त्यांच्या ड्रॉइंगबद्दल मी वर्षभर हेच म्हणत होते. आता ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणते आणि उत्तरंही जरा गोड येतात.

पुस्तिका कुणाला हवी असेल तर सांगा. ‘ए’ आणि ‘बी’ची पानं मळलीत, ‘सी’पासून पुढं कोरी करकरीत आहे.